खुब्याची वाटी

४ जानेवारी

आजपासून लिहायचं ठरवलं. दिवसभरात बोलायचं राहून जातं ते कुठेतरी ठेवायला हवं. आई होती तोवर संध्याकाळी तिच्या पायाला तेल लावताना सगळं बोलून व्हायचं. शेवटच्या वर्षात तिला किती कळत होतं कोण जाणे, पण माझं बोलणं व्हायचं. दिवाळीनंतर ती गेली. वर्ध्याचं घर भावाने विकायला काढलं आणि मी नागपुरात, महालात मनोहररावांच्या घरी गच्चीवरची खोली घेतली.

गांधीबागेतल्या व्यापाऱ्यासाठी साड्यांच्या काठांची नक्षी काढायचे, ते काम आता कॉम्प्युटर करतो. नवं काम डॉ. मार्तंड सरांचं. शरीररचना शिकवून निवृत्त झालेत आणि नर्सिंग-फिजिओथेरपीच्या मुलांसाठी मराठीत पुस्तक लिहितायत. चित्रं माझी. पहिलं प्रकरण खुब्याचा सांधा आणि मांडीचे स्नायू.

पहिलं चित्र आज परत आलं. सर म्हणाले, "कामिनीबाई, रेषा सुंदर आहे. पण हा माणूस उभा राहिला तर पडेल."

९ जानेवारी

सरांनी कमरेच्या हाडांचा आणि मांडीच्या हाडाचा प्लास्टिकचा नमुना दिलाय. मांडीच्या हाडाचा वरचा माथा चेंडूसारखा गोल. कमरेच्या हाडात त्याच्यासाठी वाटी. माथा वाटीत घालायचा, फिरवायचा, काढायचा. सकाळपासून तेच करतेय. शरीरातला सगळ्यात चिवट बंध या सांध्याच्या पुढच्या बाजूला असतो. त्याच्यामुळे आपण फारसं बळ न लावता तासभर उभे राहू शकतो. मला हे एक्केचाळीस वर्षं माहीत नव्हतं.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. एक जड, एक हलकं. मनोहररावांची थोरली बहीण, बायजाबाई. घरातले सगळे त्यांना आत्या म्हणतात. लग्न झालेलं नाही, याच घरात आयुष्य गेलं. डाव्या पायाने लंगडतात, चांगल्याच. चार पायऱ्या चढल्या की थांबतात.

"काय काढून राहिली वं?"

"हाडं."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे... माणसाची."

त्यांनी नमुना हातात घेतला. बराच वेळ माथा वाटीत फिरवत बसल्या. घरात करमत नसेल. मलाही अडचण नाही, खुर्ची रिकामीच असते.

१५ जानेवारी

काल खाली हळदीकुंकू होतं. बोलावणं आलं नाही. बरंच झालं, हातातलं काम पुरं करायचं होतं. उगाच हिरवी साडी नेसून बसले होते, तिला शाईचा डाग पडला.

सगळ्या बायका आल्यावर आत्या वर आल्या. पदराखाली तिळगुळाची वाटी. "खाली पाय ठेवाले जागा नाही," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आपल्याले तिथं काय काम?"

तिळगूळ खाता खाता विचारलं, "लहान लेकराची वाटी अशीच असते का वं?"

मी पुस्तकात वाचलेलं सांगितलं. लहानपणी ती बरीचशी मऊ कूर्चेची असते आणि उथळ असते. माथा आत बसून फिरत राहिला की त्याच्याभोवती खोल होत जाते.

"आणि माथा आत नसला बसला तं?"

"मग वाटी उथळच राहते."

त्या एकदम कुकर लावायचाय म्हणून उठल्या. म्हातारी माणसं काहीही विचारतात. तेवढाच वेळ जातो बिचाऱ्यांचा.

२४ जानेवारी

आज कळलं माझा माणूस का पडतो.

कुल्ल्याच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला एक पंख्यासारखा स्नायू आहे. आपण चालताना एक पाय उचलतो तेव्हा सगळा भार दुसऱ्या पायावर येतो. त्या पायाकडचा हा स्नायू कंबर धरून ठेवतो. त्याने धरली नाही तर उचललेल्या पायाकडची कंबर खाली जाते. मी चालता माणूस काढला होता आणि या स्नायूला नुसता रंग दिला होता. त्याच्याकडून काम करवून घेतलं नव्हतं.

पुस्तकात बिघडलेल्या चालीचंही एक चित्र हवंय. मी घाबरत घाबरत आत्यांना विचारलं, गच्चीवर चालून दाखवाल का. त्यांनी पदर खोचला आणि चालायला लागल्या. वाळत घातलेल्या दुपट्यांमधून पलीकडे गेल्या, परत आल्या. डाव्या पायावर भार आला की उजवी कंबर खाली जाते आणि पडू नये म्हणून अख्खं अंग डावीकडे झुकतं. इतके दिवस मला ते नुसतं लंगडणं दिसत होतं. आज कागदावर आलं.

"कोणाले सांगशील का हे माझं आहे?"

"नाही. चेहरा काढणारच नाही."

"काढ चेहरा. मले काय त्याचं."

पायाला काय झालं होतं असं विचारलं. म्हणाल्या, "लहानपणी झाडावरून पडली म्हणते माय. चिंचेच्या." मग कठड्याला टेकून म्हणाल्या, "मले तं झाड आठवत नाही. पडली तेही आठवत नाही."

चित्र उत्तम झालंय. सरांना आवडेल.

२ फेब्रुवारी

चिन्मयी म्हणजे मनोहररावांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली ती अजून इथेच आहे. नवरा जितेंद्र पुण्याला. बाळ आता चार महिन्यांचं होतंय, नाव भैरवी. तिच्या रडण्याचा आवाज वर येतो. मला त्याचा त्रास होत नाही हे मी चिन्मयीच्या आईला, वंदनाकाकूंना दोनदा सांगितलंय.

आज सकाळी खालून पाण्याची बादली आणायला गेले तर चिन्मयी म्हणाली, "ताई, दोन मिनिटं धरता का? आई दूध घेऊन येऊन राहिली."

मालीश नुकतंच झालं होतं. बाळ उघडंच होतं, तेलाने चकचकीत. मांडीवर उताणं ठेवलं तर माझ्याकडे बघून हसलं. मी तिचे पाय धरून सायकल चालवल्यासारखं करायला लागले. उजवा गुडघा बाहेर सहज गेला. डावा अर्ध्यावर अडला. पुन्हा केलं. पुन्हा अडला. दोन्ही गुडघे दुमडून तळवे टेकवले तर डावा गुडघा उजव्यापेक्षा खाली. मांडीवरच्या वळ्याही डावीकडे एक जास्त.

काकू आल्या. बाळाला घेतलं आणि नेहमीसारखं दोन्ही पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळलं. "असं बांधलं का पाय सरळ राह्यते," म्हणाल्या. मी बादली तिथेच विसरून वर आले.

४ फेब्रुवारी

सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला. "मी मेलेल्या माणसांचा डॉक्टर आहे, कामिनीबाई. वळ्या तर कित्येक निरोगी बाळांच्याही कमीजास्त असतात. पण पाय उघडत नसेल आणि गुडघा खाली दिसत असेल तर लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरला दाखवायलाच हवं. माथा वाटीबाहेर असू शकतो. सहा महिन्यांच्या आत सापडलं तर बहुतेकदा नुसत्या पट्ट्यांनी काम होतं. पोर चालायला लागल्यावर कळलं तर मग कापाकापी."

"आणि कधीच नाही कळलं तर?"

सर म्हणाले, "तुम्ही ते चित्र मला गेल्याच आठवड्यात आणून दिलंत."

येताना मेट्रोत बसायला जागा होती तरी उभीच राहिले.

५ फेब्रुवारी

सांगितलं.

चहाच्या वेळेला गेले. मनोहरकाका, काकू, चिन्मयी तिघंही होते. आत्या दाराशी भाजी निवडत होत्या. वाटेत ठरवलेली सगळी वाक्यं विसरले आणि एकदम म्हणाले, "भैरवीचा डावा पाय एकदा डॉक्टरला दाखवा."

काकूंचा हात बशीवरच थांबला. "काहून? काय झालं पायाले?"

मी सांगायला लागले. वाटी, माथा, गुडघा. माझ्याच कानाला ते विचित्र लागत होतं.

"माझ्या हातानं मालीश करते मी रोज. मले नाही दिसलं ते तुले दोन मिनिटांत दिसलं?"

"तसं नाही काकू, मी सध्या तेच काढतेय म्हणून..."

"लेकरू झालं का कधी तुले?"

चिन्मयी म्हणाली, "आई!" पण काकू थांबल्या नाहीत. "पोरीची जात आहे. पायात खोट आहे म्हणून एकदा बोभाटा झाला तं जन्मभर पुरते. तिच्या सासरी कळलं तं काय म्हणतील? लसीचा डॉक्टर पाह्यतेच ना दर महिन्याले."

काकांनी पेपरची घडी घातली. "कामिनीबाई, तुम्ही चित्रं काढा. चांगली काढता."

मी आत्यांकडे पाहिलं. त्या मान खाली घालून मेथी निवडत होत्या. देठ परातीत आणि पानं जमिनीवर टाकत होत्या. निदान त्या एक शब्द बोलतील असं वाटलं होतं.

९ फेब्रुवारी

मांडीच्या पुढच्या बाजूचे चार स्नायू पूर्ण. गुडघा सरळ करायचं काम यांचं. त्यांच्यावरून तिरका जाणारा एक लांब पट्टीसारखा स्नायू आहे, कमरेपासून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत. त्याला शिंप्याचा स्नायू म्हणतात, शिंप्यासारखं मांडी घालून बसायला लागतो म्हणून.

खाली कोणी बोलत नाही. नळावर मी दिसले की काकू आत जातात. काकांनी गच्चीचं दार संध्याकाळी लावायला सुरुवात केलीय.

एकटं बरं आहे. कामाला शांतता लागतेच. आज चहा दोन कप झाला, एक फेकून दिला.

१३ फेब्रुवारी

आत्या आल्या. बसल्या नाहीत. टेबलावरची चित्रं चाळली आणि त्यांच्या चालीचं जे होतं त्याच्यावर बोट ठेवलं. "हे दे मले."

सरांना दिलेलं मूळ होतं, हे माझं कच्चं. तरी वाईट वाटलं. काकूंनी पाठवलं असणार. घरातल्या बाईचं व्यंग भाडेकरणीच्या टेबलावर नको म्हणून. मी दिलं. त्यांनी घडी न घालता पदराखाली धरलं आणि जिन्यावरून खाली गेल्या. एक जड, एक हलकं.

"वाटी पुरती खोल किती दिवसात होते वं?" हे खालच्या पायरीवरून विचारलं. मी म्हटलं, पहिले काही महिने फार महत्त्वाचे. "हं," म्हणाल्या.

आता येणार नाहीत बहुतेक.

२० फेब्रुवारी

काही नाही. मागच्या बाजूचे स्नायू.

२६ फेब्रुवारी

फार उशीर झालाय. तरी लिहिते.

सकाळी आत्या आणि चिन्मयी बाळाला घेऊन टेकडीच्या गणपतीला म्हणून निघाल्या. गच्चीवरून मी त्यांना ऑटोत बसताना पाहिलं. आत्यांना मी गल्लीबाहेर जाताना आजवर पाहिलं नव्हतं. दुपार झाली तरी परतल्या नाहीत. तीन वाजता ऑटो आला आणि थोड्याच वेळात खाली आवाज चढले. मी जिन्याच्या दाराशी उभी राहिले. चोरून ऐकत होते, हो.

काकू रडत होत्या. "कोणाले विचारलं? घरात आम्ही आहो का नाही?" काका म्हणाले, "बायजाक्का, तू गप बैस. तुले यातलं काय समजते?"

आणि मग आत्यांचा आवाज. मोठा नव्हता. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नाही.

"मले नाही समजत तं कोणाले समजते, मनोहर? मी पडली नव्हती. झाड नव्हतंच. डॉक्टरनं सांगितलं आज. जन्मापासून निसटलेला होता माझा पाय. तेव्हा कोणी पाह्यला असता तं बसला असता. माय सांगे पडली म्हणून, म्हणजे मंग घराण्याले दोष लागत नाही, तुझं लग्न अडत नाही. मी काही बोलली कधी? पाहुणे यायच्या आधी मले पाटावर बसवून ठेवत. उठू नको म्हणत, ते गेल्याबिगर उठू नको. बसलेली आवडत होती मी सगळ्याइले. मंग पाणी द्याले उठली का संपलं."

भैरवी रडायला लागली.

"या पोरीले पाटावर बसवून ठेवायचं नाही. बस."

२७ फेब्रुवारी

चिन्मयी वर आली, बाळाला घेऊन. भैरवीच्या खांद्यावरून आणि पायांवरून मऊ पट्ट्यांचा साज. दोन्ही गुडघे दुमडून बाहेर, बेडकासारखे. रात्रंदिवस घालायचा, दर आठवड्याला दाखवायला जायचं. डावा माथा वाटीबाहेर होता. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आलात.

"ताई, आत्याने काय केलं माहीत आहे? धंतोलीत डॉक्टरच्या खोलीत गेल्या गेल्या तिने तुमचं चित्र टेबलावर ठेवलं. म्हणाली, बाई, आधी माझं चालणं पाहा, मंग पोरीचे पाय पाहा. आणि त्या एवढ्याशा खोलीत चालून दाखवलं. सगळ्यांसमोर. मला इतकं रडू आलं."

आत्याला हे आधीच दिसलं होतं, असंही ती म्हणाली. आंघोळ घालताना, डिसेंबरातच. पण आपल्याला कोण विचारतं म्हणून बोलली नाही.

डिसेंबरात. मी जानेवारीत आले.

भैरवीने माझं बोट धरलं होतं. चिन्मयी जायला उठली तेव्हा एकेक करून सोडवावं लागलं.

११ मार्च

आज काका पहिल्यांदाच वर आले. आत्यांच्या खुर्चीवर बसले, हाडांच्या नमुन्याकडे पाहत राहिले.

"तुमचे उपकार आहेत," म्हणाले. मग घसा साफ केला. उपचार तीन महिने चालणार. चिन्मयी इथेच राहील. जितेंद्र पुण्याहून येतोय, त्याला घरून काम करायची परवानगी मिळालीय. त्याला दिवसभर मीटिंगा असतात, बाळाच्या रडण्यात जमणार नाही, स्वतंत्र खोली लागेल.

ते वाक्य पुरं करायच्या आधीच मी म्हटलं, "हो हो, मी बघते दुसरीकडे."

"घाई नाही. या महिनाअखेरपर्यंत."

त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं होतं की मीच चहा करू का विचारलं. बरोबरच आहे त्यांचं. बाळाचा बाप बाळाजवळ हवा. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

सांध्याचा छेद घेतलेलं चित्र आज तीनदा चुकलं.

२३ मार्च

मानेवाड्याकडे खोली मिळाली, तळमजल्यावर. ऊन आत्ताच चटका देतंय, गच्चीवरची तशीही उन्हाळ्यात तापलीच असती.

दुपारी आत्या आल्या. हातात एक्स-रेचं पाकीट. चिन्मयीने नेऊन काढून आणला. "पाह्य बरं. मले दाखव कुठं आहे माझा."

खिडकीच्या काचेला धरून पाहिलं. उजवीकडे सगळं जागच्या जागी. डावीकडची वाटी लहान, उथळ, रिकामी. माथा तिच्या बराच वर, कमरेच्या हाडाला टेकलेला. आणि तो जिथे टेकला होता तिथे हाडाला खळगा पडलेला. मी पुस्तक काढून खात्री केली. वर्षानुवर्षं तिथेच घासून घासून माथ्याने स्वतःसाठी दुसरी जागा केली होती. नीट नाही, पण भार पेलण्यापुरती.

हे मी त्यांना बोटाने दाखवलं.

"म्हणजे इतके वर्ष हा इथंच राहून राहिला?"

"हो."

"आणि ही घरची जागा रिकामी."

"हो."

त्यांनी एक्स-रे खाली घेऊ दिला नाही. हात दुखेपर्यंत मी धरून राहिले. आता काही करता येतं का असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पूर्ण सांधा बदलता येईल, पण सोपं नाही. "नाही करत मी," आत्या म्हणाल्या. "पण माहीत झालं ते बरं झालं."

३० मार्च

सामान फारसं नव्हतंच. काकूंनी पुडाच्या वड्यांचा डबा हातात दिला आणि डबा परत करायची घाई नाही म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही, पण ऑटोवाल्याला दोनदा सांगितलं की टेबल नीट धर. भैरवी झोपली होती. उठवू नका म्हटलं.

१९ एप्रिल

परवा चिन्मयीचा मेसेज आला. माथा वाटीत बसलाय, सोनोग्राफीत दिसतोय. अजून काही आठवडे पट्टे, मग सुटका. सोबत फोटो. मी मोठं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, शेवटी "छान" एवढंच पाठवलं.

इथे लोक चांगले आहेत. अजून कोणाशी बोलणं झालेलं नाही. खांद्याचं प्रकरण सुरू केलंय. खांद्याची वाटी फारच उथळ असते, सांधा कसा टिकतो तेच नवल.

आज संध्याकाळी दार वाजलं. आत्या. एकट्या. चुकीच्या गल्लीत उतरल्या होत्या आणि हाडाची चित्रं काढणारी बाई कुठे राहते असं विचारत विचारत आल्या होत्या. पाणी प्यायल्या, खोली पाहिली, खुर्ची एकच आहे म्हणून मला पलंगावर बसायला सांगितलं. मी भैरवीचं विचारलं. "बरी आहे," म्हणाल्या. मला वाटलं खांद्याचं चित्र दाखवू, तर हाताने बाजूला केलं.

"हाडाचं राहू दे आज. तुझी माय कशी होती वं? चार महिने झाले, तू एकदाही बोलली नाहीस."

मी म्हटलं, काही विशेष नाही, आजारीच होती.

"आजारी नव्हती तेव्हा?"

मी पलंगावर पाय वर घेतले. मग आठवलं की ती भाकरी थापताना गुणगुणायची आणि आपण गुणगुणतोय हे तिला कधीच कळायचं नाही. तिथून सुरुवात केली. अंधार पडला, दिवा लावायचं राहून गेलं, आणि आत्यांनी परत जायचं नाव काढलं नाही.